दुसऱ्या विमानाचं तिकीट

माझी धाकटी बहीण स्कॉटलंडमध्ये एका हॉस्पिटलात नर्स होती. वडील गेल्यावर आईनं कुकडीच्या काठची आमची जमिनीची पट्टी आणि दुसऱ्यांच्या टोमॅटोच्या बागांतली मजुरी यांच्यावर आम्हा दोघींना शिकवलं. मी शिक्षिका झाले आणि लग्न होऊन बोरी बुद्रुकहून वारूळवाडीला आले. धाकटी पुण्याला नर्सिंग शिकली आणि तिथून थेट समुद्रापार गेली. तिचा नवराही आपल्याकडचाच, त्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या कामाला.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. धाकटीला दिवस गेले आणि तिनं आईला बोलावलं. आई एकटी जाणं शक्य नव्हतं. तिला सही करता यायची, एसटीच्या पाट्या वाचता यायच्या, त्यापलीकडे नाही. बाळंतपणाची तारीख जूनमधली होती आणि मला मे महिन्याची सुट्टी, म्हणून मी सोबत जायचं ठरलं. मुंबईहून लंडनपर्यंत मोठं विमान. तिथं धाकटीचा नवरा आम्हाला घ्यायला येणार आणि मग तिघांनी मिळून एका स्वस्तातल्या विमानानं स्कॉटलंडला जायचं. "तुम्ही फक्त लंडनला उतरा, ताई. पुढचं सगळं माझ्यावर सोडा," असं तो मला फोनवर म्हणाला होता, आणि मी खरंच सगळं त्याच्यावर सोडलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. आवाज ओळखू येईना.

"ताई, हिचं बीपी एकदम वाढलंय. पाय, चेहरा, सगळं सुजलंय. काल ॲडमिट केलं. मला लंडनला येता येणार नाही. तुम्हाला दुसऱ्या विमानात तुमचं तुम्हालाच बसावं लागेल. तिकीट ईमेलवर टाकलंय, त्याची प्रिंट काढून घ्या."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"बघू म्हणतात," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आईला मी बीपीचं सांगितलं, पण ॲडमिट केल्याचं सांगितलं नाही. तशीच नारायणगावच्या सायबर कॅफेत गेले. बाहेर मुंबईला जायची जीप उभी, आत आई बसलेली. कॅफेवाल्यानं ईमेल उघडलं, प्रिंटर करकरला, पहिलं पान बाहेर आलं आणि लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ झाली होती.

"पुढची पानं?" मी विचारलं.

"आता दुपारनंतरच, मॅडम. पण काळजी करू नका, नाव, नंबर, टाइम सगळं पहिल्याच पानावर आलंय. म्हागं नुस्ते नियम असत्यात."

जीपवाला हॉर्न देत होता. मी ते एक पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि निघाले.

माझी आई भित्री बाई नव्हती. उसाला पाणी द्यायला ती एकटी जायची, आणि आमच्याकडच्या उसात बिबट्या असतो हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. एकदा बॅटरीच्या झोतात त्याचे डोळे चमकले, तेव्हा ती पळाली नव्हती. जागेवर उभी राहून मोठमोठ्यानं खाकरत राहिली आणि तो निघून गेल्यावर पाण्याचं दार मोडून, पाणी पुढच्या सऱ्यांत वळवून घरी आली. पण त्या विमानात तिनं डोळ्याला डोळा लावला नाही. जेवणाचा ट्रे आला तसा गेला. ती हातांची बोटं एकमेकांत अडकवून बसली होती आणि मधूनच माझ्याकडे वळून विचारायची, "बीपी म्हंजी डोक्यात जातं का गं?"

लंडनला उतरल्यावर खिडकीतल्या अधिकाऱ्यानं काय काय विचारलं ते मला आज नीट आठवत नाही. इतकं आठवतं, की मी उत्तरं देताना शाळेत धडा वाचावा तसं इंग्रजी बोलत होते आणि त्यानं शिक्का मारल्यावर मी पासपोर्ट दोनदा उघडून तो पाहिला. बाहेर येऊन फोनच्या डब्यात नाणी टाकून धाकटीच्या नवऱ्याला फोन लावला. मोबाइल बंद. पुन्हा लावला, बंद. हॉस्पिटलात मोबाइल बंद ठेवावा लागत असेल, असं मी आईला म्हणाले, आणि स्वतःलाही तेच सांगितलं.

दुसरं विमान तिथून सुटत नव्हतं. ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या विमानतळावरून होतं. तिथं बसनं जायचं होतं. काचेबाहेर बारीक पाऊस, हिरवीगार शेतं, त्यांच्यात माणूस म्हणून दिसेना. आई म्हणाली, "एवढ्या रानात कोनीच कसं न्हाई?" माझं सगळं लक्ष बसच्या पुढच्या घड्याळाकडे लागलं होतं.

तो दुसरा विमानतळ आमच्या आठवडे बाजारासारखा भरला होता. जिकडं तिकडं भडक रंगांचे फलक आणि त्यांवर तिकिटांचे स्वस्त दर, हातभर उंच आकड्यांत. रांगेत उभं राहून आम्ही काउंटरपर्यंत पोचलो. पलीकडे एक तरुण मुलगी होती, केस घट्ट बांधलेली, फार दमलेली. मी पासपोर्ट आणि ते पान पुढं केलं.

"बोर्डिंग पास?" तिनं विचारलं.

"तोच घ्यायला आलोय."

तिनं कॉम्प्युटरवर नंबर टाकला. मग मान हलवली. "तुम्ही ऑनलाइन चेक-इन केलेलं नाही."

"नाही. आता इथं करायचंय."

"इथं केलं तर फी पडते. प्रत्येक माणसामागं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यातच काही चूक होतेय. "तिकिटाचे पैसे भरलेत," मी म्हणाले.

"तिकिटाचे भरलेत. हे चेक-इनचे. घरी कॉम्प्युटरवर केलं असतं, पास छापून आणला असता, तर काही पडलं नसतं."

"पण हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

तिनं माझ्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे पहिलं पान आहे आणि पुढं आणखी पानं आहेत. "बाकीची पानं कुठायत?"

माझ्याकडे ती नव्हती. तिनं फीचा आकडा सांगितला. धाकटीच्या नवऱ्यानं आमच्यासाठी काढलेल्या तिकिटापेक्षा तो मोठा होता. ही खरी फी आहे की परक्या बायका बघून कुणी फसवतंय, हे कळायला मार्ग नव्हता. पैसे भरले नाहीत तर काय होईल, विमान सोडलं तर पुन्हा तिकीट मिळेल का, पोलिसाला बोलावतील का, परत पाठवतील का, सगळं एकदमच डोक्यात आलं. मुलगी म्हणाली, "काउंटर लवकरच बंद होईल. लवकर ठरवा."

तेवढ्यात आईनं माझा दंड धरला. तिची बोटं हाडापर्यंत रुतली.

"काय झालं? काय सांगितलं तिनं?"

"काही नाही आई, थांब जरा."

हे मी बोलायला नको होतं, पण ते मला नंतर कळलं. वडिलांना शेतातून उचलून नारायणगावच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या दारात उभ्या असलेल्या आईला येणारा जाणारा प्रत्येकजण हेच म्हणत होता, काही नाही, थांबा जरा. आणि ते कधीच गेलेले होते.

आई मटकन खाली बसली. त्या चकचकीत फरशीवर, लोकांच्या बॅगांच्या चाकांमध्ये. पदर तोंडात धरला होता. "गेली का गं माझी लेक?" ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "ह्यांच्या मशिनीत आलंय ना? तुला कळलंय, मला सांगंना झालीस."

मी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले. "आई, धाकटीचं काही नाही. तिची खबर यांना कशी असेल? हे पैसे मागतायत. फी भरा म्हणतात."

"खोटं नगं बोलू."

"तुझी शप्पथ."

तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं, कितीतरी वेळ. "पैशाला एवढं त्वांड पडतं व्हय कुनाचं?" ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता. मी तिला उठवायला गेले आणि तिच्या भीतीनं मला घेरलं. कारण धाकटीच्या नवऱ्याचा फोन बंद होता. मला तरी कुठं ठाऊक होतं, धाकटी कशी आहे ते?

काउंटरवरच्या मुलीनं वाकून पाहिलं. तिचा चेहरा थोडा मऊ झाला, पण फी तिच्या हातातली नव्हती. पैसे पलीकडच्या खिडकीत भरायचे आणि पावती घेऊन परत तिच्याकडे यायचं. "पळा," ती म्हणाली.

पलीकडच्या खिडकीपाशीही रांग होती. सगळ्यांत पुढं एक उंच, लालबुंद चेहऱ्याचा म्हातारा आणि त्याची बायको. म्हातारा खिडकीतल्या माणसाशी भांडत होता. त्याचं इंग्रजी मला अर्धंच कळत होतं, पण भांडण कळत होतं. त्याच्याकडून तीच फी मागितली होती. त्याच्या हातात सगळी पानं होती, आणि तो एक एक पान खिडकीवर आपटून विचारत होता, दाखव, कुठं लिहिलंय दाखव. खिडकीतला माणूस शांतपणे एका ओळीवर बोट ठेवत होता. म्हातारा चष्मा काढून, पुन्हा घालून ती ओळ वाचत होता आणि ओरडत होता की हिला काय सूचना म्हणायचं?

त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मला तेव्हाही वाटलं. पण मला तो नकोसा झाला होता. त्याच्या प्रत्येक वाक्याबरोबर आमचं विमान लांब जात होतं. माझ्याच्यानं बोलवेना. कुणाला पुढं जाऊ द्या म्हणायचं ते इंग्रजीत नेमकं कसं म्हणतात, ते शब्दच हरवले होते.

म्हाताऱ्याच्या बायकोनं मागं वळून पाहिलं. तिला काय दिसलं असेल? सुती पांढऱ्या लुगड्यावर पुरुषी स्वेटर घातलेली, माझ्या खांद्याला लटकलेली, ओठांनी सारखं काहीतरी पुटपुटणारी एक म्हातारी. आई त्रिसरण म्हणत होती, बुद्धं सरणं गच्छामि. ती बाई माझ्यापाशी आली आणि मला हळूच म्हणाली, "तुमची आई आजारी आहे का?"

"माझी बहीण," मी म्हणाले. "हॉस्पिटलमध्ये. बाळ." एवढंच बोलता आलं.

तिनं जाऊन नवऱ्याची बाही धरली आणि त्याला रांगेतून बाजूला ओढलं. तो काहीतरी बोलायला गेला, मग आमच्याकडे बघून त्यानं आपली पानं गोळा केली. मधल्या माणसांनाही तिनंच सांगितलं आणि हातानं आम्हाला पुढं केलं. आईनं पोलक्यातली पौंडांची पिशवी काढून माझ्या हातात दिली. पैसे भरले. पावती मिळाली, ती काउंटरवरच्या मुलीला दाखवून पास घेतले. म्हाताऱ्याच्या बायकोचे मी आभार मानले की नाही, मला आठवत नाही. तिचं विमान मिळालं का, तेही मला कळलं नाही.

मग आम्ही धावलो. आईनं चपला काढून हातात घेतल्या आणि लांबच लांब बोळातून धावली. विमानाकडे जायच्या दारापाशी पोचलो तेव्हा तिथली माणसं दार लावायलाच निघाली होती. विमानात बसल्यावर आईनं पट्टा स्वतःच लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता खरं काय ते सांग."

मी तिला ॲडमिट केल्याचं सांगितलं. ती रडली नाही. नुसती मान हलवली. पुढचा सगळा वेळ ती पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली, आणि मीही. खाली ढग होते. ते संपूच नयेत असं मला एकदा वाटलं, कारण जोवर आम्ही वर होतो तोवर कुणी काही सांगू शकत नव्हतं.

उतरल्यावर धाकटीचा नवरा दिसला नाही. त्याऐवजी तिच्या वॉर्डातली एक केरळी नर्स पुढं आली. साड्यांवरून तिनं आम्हाला लगेच ओळखलं. गाडीत बसेपर्यंत ती काही बोलली नाही, आणि आईनं पुन्हा माझा दंड धरला. मग नर्स म्हणाली, "सिस्टर, शी इज इन थिएटर."

थिएटर हा शब्द आईला ठाऊक होता. वडिलांच्या वेळेचाच.

हॉस्पिटलच्या बोळात आम्ही बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. शेवटी दार उघडलं आणि हिरवे कपडे घातलेला धाकटीचा नवरा बाहेर आला. त्यानं तोंडावरचं फडकं खाली केलं तेव्हा तो रडत होता, आणि का रडतोय हे कळायच्या आधीचा तो क्षण मला आजही नको वाटतो.

"मुलगी झाली," तो म्हणाला. "लहान आहे फार. काचेच्या पेटीत ठेवलीय. हिला झटके आले होते. अजून शुद्धीवर नाही."

आत एकाच व्यक्तीला सोडतील असं सांगितलं, म्हणून मी आईला पुढं केलं. ती गेली. दुसऱ्या दिवशी मला सोडलं तेव्हा धाकटीचा चेहरा मला ओळखू आला नाही. नळ्या, सूज, पापण्यांवर चकाकणारं औषध. आई तिच्या पायांशी बसून तळवे चोळत होती. नर्सांनी तिला उठवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिलं. त्या संध्याकाळी धाकटीनं डोळे उघडले. आधी ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तुझे हात लई गार पडल्यात." बोरी सोडल्यापासून ती असं बोलली नव्हती.

नंतर तिच्या नवऱ्यानं सांगितलं, आत नेताना ती सारखी विचारत होती, आई विमानात बसली का? तो हॉस्पिटलच्या फोनवरून विमानतळावर फोन करत होता, पण फोन कुणी उचलत नव्हतं. शेवटी तो तिला खोटंच हो म्हणाला. ती भूल उतरून जागी झाली तेव्हा आई जवळ नसती तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतील काहीच झालं नसतं. मी त्यावर फार विचार करायचं टाळते.

बाळ पेटीतून बाहेर आलं आणि धाकटी घरी आली, तेव्हा कुठं एका सकाळी मी त्या फीबद्दल बोलले. तिच्या नवऱ्याला ती माहीत होती. "मी आदल्या दिवशी चेक-इन करून पास छापून आणणार होतो," तो म्हणाला. "आणि आदल्या दिवशी मी वॉर्डाबाहेर बसलो होतो. डोक्यातच राहिलं नाही." त्यानं कॉम्प्युटर उघडला आणि ते ईमेल मला दाखवलं. पहिल्या पानावर नाव, नंबर, टाइम यांच्या खाली गाडी भाड्यानं घ्या, हॉटेल घ्या अशा रंगीत जाहिराती. दुसऱ्यावर सामानाची मापं. तिसऱ्यावर, वाद्यं विमानात न्यायची असतील तर काय करायचं त्याच्या खाली, करड्या अक्षरात ती ओळ होती. ओळ खोटी नव्हती. फक्त ती सापडायला, काय शोधायचं ते आधी माहीत असायला हवं होतं.

आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला मराठीत सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "सांगायचंच व्हतं तर मोठ्यानं का न्हाई सांगितलं? ओतूरच्या स्टँडावर गाडी फलाटाला लागली की चार बारी पुकारत्यात. बहिऱ्याला बी कळतं."

"इथं पुकारत नाहीत, आई."

"मंग लिवायचं तरी मोठं. तिकिटाचं दर कसं हातभर लिवलं व्हतं?"

धाकटीच्या नवऱ्यानं तक्रार केली. विमान कंपनीचं उत्तर आलं, सभ्य शब्दांत. प्रवाशाला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, पण ही अट तिकीट काढण्यापूर्वी वाचण्यासाठी उपलब्ध होती. त्यानं ते चिडून वाचून दाखवलं. धाकटी म्हणाली, जाऊ दे.

माझी शाळा उघडायची होती, म्हणून मला एकटीला परतावं लागलं. सगळं आधी करून, छापून दिलेलं होतं. तरीही त्या काउंटरसमोर मी सगळी पानं पुन्हा मोजली. समोरच्या माणसानं कागद पाहिला आणि "हॅव अ गुड फ्लाइट" म्हणाला. मी तिथंच उभी राहिले. मला वाटलं, आणखी काहीतरी उरलंय. त्यानं पुन्हा हातानं जा म्हणून खूण केली तेव्हा हलले.

आई दिवाळीनंतर आली, धाकटी, तिचा नवरा आणि पोरीसोबत. पोर अंगानं किरकोळच होती, पण आवाज खणखणीत होता. बोरीच्या बायका जमल्या. एकीनं आईला विचारलं, "विमानात भ्या न्हाई वाटलं, आक्का?"

"विमानाचं न्हाई वाटलं," आई म्हणाली. "तितली मान्सं लई हळू बोलत्यात, त्याचं वाटलं."

मग नात रडायला लागली, म्हणून ती तिला घेऊन बाहेर उन्हात गेली.